नकाशाची खूणचिठ्ठी हरवते तेव्हा

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळ्या रंगाची खूणचिठ्ठी शिवलेली असते, हे शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. पायाभूत बियाण्यास पांढरी, पैदासकार बियाण्यास पिवळी. वाण कोणता, उगवणशक्ती किती, तपासणी कधी झाली आणि बियाणे कोठवर वापरावे हे त्या चिठ्ठीवरून कळते. चिठ्ठी नसलेली पिशवी कोणी देऊ केली, तर आतील दाणे कितीही टपोरे असोत, शहाणा शेतकरी ती पऱ्ह्यात टाकण्यापूर्वी दहादा विचार करतो. आज गावोगावी संगणकावर व भ्रमणध्वनीवर जमिनीचे जे नकाशे येऊ लागले आहेत, त्यांनाही अशीच एक चिठ्ठी असते. इंग्रजीत तिला मेटाडेटा म्हणतात. माहितीविषयीची माहिती, असा त्याचा अर्थ होय. प्रस्तुत लेखात आपण तिला नकाशाचे परिचयपत्रक म्हणू.

नकाशा कोणी व केव्हा केला, कोणत्या मूळ नकाशावरून उतरविला, त्यातील आकडे अंशांत आहेत की मीटरांत, ते पृथ्वीच्या कोणत्या आधारप्रणालीस धरून मोजले आहेत, रकान्यांची नावे काय व अक्षरे कोणत्या पद्धतीने साठविली आहेत, हे सारे या परिचयपत्रकात असते. संगणक नकाशा उघडतो तेव्हा तो प्रथम हे पत्रक वाचतो व मग शेतांच्या आकृत्या काढतो. पत्रक वाचता आले नाही, तर नकाशा उघडतच नाही. पत्रक चुकीचे असले तर मात्र नकाशा निमूटपणे उघडतो व चुकीच्या जागी उघडतो. पहिल्या प्रकारात मनुष्य सावध होतो. दुसऱ्या प्रकारात तो फसतो. म्हणून दुसरा प्रकार अधिक वाईट.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद स्वतः करावयाची, अशी ती योजना. तेव्हापासून अक्षांश, रेखांश, गट क्रमांक व नकाशा ही चौकडी तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या खिशात येऊन बसली आहे. पीक विमा, अतिवृष्टीची अथवा वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई, धानविक्रीची नोंदणी, अशा कामी शेताची नोंद व जागा जुळणे अगत्याचे झाले आहे. जुळले नाही की शेतकऱ्यास खेटे घालावे लागतात आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यास त्याची बोलणी खावी लागतात. यास्तव या विषयाची थोडी ओळख आपण सर्वांनी करून घेणे इष्ट आहे.

ब्रह्मपुरी तालुक्यात आम्हांस आलेला एक अनुभव येथे सविस्तर सांगतो. त्यात बहुतेक सर्व प्रकारच्या चुका एकापाठोपाठ एक भेटल्या, म्हणून तो उपयोगी पडेल असे वाटते.

रोवणीपूर्वीचे दिवस होते. वनालगतच्या एका गावात शेतकऱ्यांचे शिबिर ठेवले होते. गावाच्या शेतांचा नकाशा एका कार्यालयाकडून पेनड्राइव्हवर मिळाला होता. तो पडद्यावर दाखवून प्रत्येकाने आपला गट क्रमांक तपासावा, असा बेत होता. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पन्नासेक मंडळी जमली. संगणक सुरू केला, फाइल उघडली आणि पडद्यावर संदेश आला की डेटाबेस उघडता येत नाही. पुन्हा उघडली, पुन्हा तोच संदेश. अशा प्रसंगी आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना करतो आणि कोणीतरी चहा मागवितो. दोन्ही झाले. उपयोग कशाचाच झाला नाही.

ती फाइल जिओपॅकेज या प्रकारची होती. हा प्रकार २०१४ पासून प्रचारात आला. त्यात सर्व नकाशे, त्यांची कोष्टके व परिचयपत्रके एकाच फाइलीत राहतात, म्हणून ने-आण करण्यास तो सोयीचा आहे. परंतु त्यात एक खोच आहे. फाइल एखाद्या संगणकावर उघडी असताना नवीन लिखाण कित्येकदा थेट मूळ फाइलीत न जाता शेजारच्या एका तात्पुरत्या फाइलीत होते. हिच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूएएल अशी अक्षरे असतात, आणि सोबत एसएचएम अक्षरांची आणखी एक लहान फाइल असते. दुकानदार दिवसभराची विक्री कच्च्या वहीत लिहितो व रात्री पक्क्या खातेवहीत उतरवितो, तसाच हा प्रकार होय. कोणी दुपारीच पक्की खातेवही उचलून नेली, तर त्या दिवसाचा हिशेब तीत कोठून असणार? आमच्या फाइलीचे हेच झाले होते. त्या कार्यालयात ती उघडी असतानाच तिची नक्कल काढलेली होती व कच्ची वही मागेच राहिली होती. शिवाय पेनड्राइव्हवर लिहिण्यास प्रतिबंध केलेला होता. अशा फाइलीस वाचण्यापुरतीसुद्धा शेजारी थोडी जागा लिहावयास लागते; ती न मिळाल्याने ती उघडेना.

उपाय साधा होता. फाइल प्रथम संगणकाच्या स्वतःच्या साठ्यात उतरवून घेतली. तेथे ती उघडली, परंतु शेवटी भरलेली काही शेते तीत नव्हती. दुसरे दिवशी मूळ संगणकावरील सर्व कार्यक्रम बंद करवून पूर्ण नक्कल मागविली, तेव्हा तीही आली. ग्रामीण कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, नकाशाची फाइल नेहमी ती बंद करूनच उतरवून घ्यावी आणि पेनड्राइव्हवरून थेट उघडू नये.

येथे इतर प्रकारच्या फाइलींविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण तालुक्यात तीन-चार प्रकार फिरत असतात. सर्वांत जुना व सर्वांत पसरलेला प्रकार शेपफाइल हा होय. नाव एकवचनी असले तरी ती एक फाइल नसून फाइलींचे कुटुंब असते. एसएचपी, एसएचएक्स व डीबीएफ ही तिघे नसली तर नकाशा पूर्णपणे उभा राहत नाही. पीआरजे नावाच्या चौथ्या फाइलीत आधारप्रणाली लिहिलेली असते, आणि सीपीजी या पाचवीत अक्षरे कोणत्या पद्धतीने साठविली ते असते. व्हॉट्सअॅपवर पाठविताना घाईने एसएचपी तेवढी पाठविण्याची चूक फार जण करतात. बैलगाडीचे चाक तेवढे पाठवून गाडी पोहोचल्याचे समजण्यासारखेच ते आहे. सर्व फाइली एका थैलीत बांधून, म्हणजे झिप करून, मगच पाठवाव्यात. फाइल जिओडेटाबेस हा जो दुसरा प्रकार आहे, तो वस्तुतः एक फोल्डर असतो. त्यात क्रमांकांच्या नावाच्या पुष्कळ फाइली असतात व त्यांतील एखादीत संपूर्ण साठ्याची अनुक्रमणिका असते. कोणी ‘ही निरुपयोगी दिसते’ म्हणून ती पुसली, तर बाकीच्या शाबूत असूनही संगणक म्हणतो की येथे काहीच नाही. याशिवाय जिल्ह्याच्या मोठ्या संगणकावर जो सामायिक साठा असतो, त्याच्या बाबतीत त्रुटी बहुधा परवानगीची असते. शेतांचे कोष्टक वाचण्याची मुभा आपणांस दिलेली असते, पण आधारप्रणालींच्या यादीचे कोष्टक वाचण्याची मुभा द्यावयाचे राहून गेलेले असते. गोदामाची किल्ली मिळाली, पण साठा-रजिस्टर कपाटात बंद, असा तो प्रकार. तेथे आपण फाइलीशी झटापट करून काही साधत नाही. साठा सांभाळणाऱ्यास नेमके सांगावे लागते. आणि कधी कधी फाइल नव्या आवृत्तीची व आपला कार्यक्रम जुना असतो, एवढेच कारण निघते.

आता शिबिराकडे वळू. फाइल उघडली, शेतांच्या रेषा दिसल्या, सर्वांस हायसे वाटले. मग पार्श्वभूमीस उपग्रहचित्र लावले, तो गावाच्या जागी कोरी पाटी! शेते गेली कोठे म्हणून नकाशा लहान करीत गेलो, तेव्हा ती सापडली नाशिक जिल्ह्यात, कळवण व सुरगाणा यांच्या मधल्या डोंगरांत. सभागृहात हशा पिकला. एका तरुणाने विचारले की, मग आता आम्ही धान रोवावे की कांदा लावावा?

याचे कारण समजावून घेण्यासारखे आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना तिचे उभे पट्टे पाडतात. प्रत्येक पट्टा ६ अंश रेखांशांचा असतो. ७२ ते ७८ अंशांपर्यंतचा पट्टा त्रेचाळिसावा व ७८ ते ८४ अंशांचा चव्वेचाळिसावा. महाराष्ट्र या दोन पट्ट्यांत विभागला गेला आहे. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अकोला, अमरावती ही शहरे त्रेचाळिसाव्यात येतात. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ही चव्वेचाळिसाव्यात. प्रत्येक पट्ट्यात पूर्वांक व उत्तरांक यांचे मीटरांतील आकडे नव्याने सुरू होतात. ब्रह्मपुरीचा पूर्वांक सुमारे ३ लाख ८० हजार व उत्तरांक २२ लाख ८० हजारांच्या आसपास येतो. हेच आकडे त्रेचाळिसाव्या पट्ट्यातही आहेत. फक्त तेथे ते नाशिकच्या डोंगरांत पडतात. पश्चिम महाराष्ट्रात तयार झालेला एखादा कोरा नमुना आपल्याकडे येतो, त्यावर आधीच त्रेचाळीस लिहिलेले असते, कोणी ते बदलीत नाही, आणि आपली बांधी सहाशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेस जाऊन पडते.

हा ७८ अंशांचा रेखांश आपणांस अगदीच परका नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्याची मुख्य रेषा याच रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर नेलेली होती. काम करीत करीत तो विदर्भापर्यंत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने काम हाती घेऊन १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरविले, त्यावर भारतातील जुने नकाशे आधारलेले आहेत. त्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळील कल्याणपूर येथे आहे. या एव्हरेस्टसाहेबाशी आपली गाठ लेखात पुढे पुन्हा पडणार आहे.

पट्ट्याची चूक दुरुस्त करताना बरेच जण एक नवी चूक करतात, ती सांगणे महत्त्वाचे वाटते. संगणकात दोन वेगळ्या क्रिया असतात. एक, परिचयपत्रकावरील आधारप्रणालीचे नाव दुरुस्त करणे. दोन, आकड्यांचेच एका प्रणालीतून दुसरीत रूपांतर करणे. समजा, धानाच्या राशीवर २० असा आकडा लिहिला आहे. तो खरोखर २० खंड्यांचा आहे, परंतु चिठ्ठीवर चुकून २० क्विंटल असे पडले. आता काय कराल? क्विंटल खोडून खंडी लिहाल. पण एखादा उत्साही मनुष्य ‘२० क्विंटलच्या खंड्या किती’ असा हिशेब मांडून आकडाच बदलू लागला, तर चुकीवर चूक चढेल. आमच्या फाइलीत आकडे चव्वेचाळिसाव्या पट्ट्याचेच होते. नुसते नाव चुकले होते. म्हणून नाव तेवढे बदलले आणि सारी शेते नाशिकहून एका क्षणात वैनगंगेकाठी परत आली. नावे व आकडे दोन्ही बरोबर असून केवळ दुसऱ्या प्रणालीत हवे असतील, तेव्हाच रूपांतर करावे.

अशाच जातीच्या आणखी दोन चुका ओळखण्यास सोप्या आहेत. आपल्या तालुक्याचा अक्षांश सुमारे २०.६ व रेखांश सुमारे ७९.८५. हे दोन आकडे उलटे भरले गेले, तर बिंदू उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील बर्फात जाऊन पडतो. रकाने रिकामे राहून दोन्ही शून्य धरले गेले, तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रात, गिनीच्या आखातात पडतो. म्हणून बर्फ दिसले तर आकडे उलटे झाले आहेत आणि समुद्र दिसला तर भरावयाचे राहिले आहेत, असे खुशाल समजावे.

शिबिरात शेते जागेवर आली तेव्हा दुपार टळली होती. आता एकेकाने पुढे यावे व आपला क्रमांक पाहावा, असे सांगितले. सात-आठ जणांनंतर एक वयोवृद्ध शेतकरी पुढे आले. त्यांची बांधी गावाच्या पूर्व कडेस, वनाच्या सीमेला लागून. पडद्यावर पाहतो तो त्यांच्या गटाची आकृती अख्खीच्या अख्खी झाडांच्या हिरव्या छत्रावर पडलेली! ते बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “साहेब, बांदी त माह्या आज्यानं बांदली जी. ते जंगलात कवा गेली?”

या वेळी सभागृहात कोणी हसले नाही. वनालगतच्या गावांत या प्रश्नाचे वजन काय असते, हे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागातील कार्यकर्त्यांस निराळे सांगावयास नको. एखाद्याने तो पडदा तसाच छापून एखाद्या कागदास जोडला असता, तर त्या वृद्धास पुढील किती वर्षे स्वतःचीच बांधी स्वतःची असल्याचे शाबीत करीत हिंडावे लागले असते, सांगता येत नाही.

तेव्हा शिबिर तेथेच थांबवून त्या नकाशाचा मागोवा घेतला. प्रथम गावातील न हलणाऱ्या खुणा पाहिल्या. माजी मालगुजारी तलावाची पाळ, शाळेजवळचा चौक, नहराचे वळण. तिन्ही ठिकाणी नकाशातील रेष व उपग्रहचित्रातील वस्तू यांत अंतर निघाले, शंभर मीटरांहून अधिक. महत्त्वाची गोष्ट ही की, तिन्ही ठिकाणी अंतर सारखे व दिशाही सारखीच होती. येथेच रोगाचे निदान झाले. रेषा काढणाऱ्याचा हात चुकला असता, तर एक कोपरा इकडे व दुसरा तिकडे सरकला असता. सबंध गाव एकाच दिशेस सारखेच सरकले असेल, तर दोष हाताचा नसून आधारप्रणालीचा असतो. पानावर कीड आहे की अन्नद्रव्याची कमतरता आहे, हे डागांच्या मांडणीवरून आपण ओळखतो ना, तसेच हे.

मूळ नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकाच्या आधारे जागेवर बसविलेला होता. ती पत्रके एव्हरेस्टच्या मापावर आहेत. आपल्या भ्रमणध्वनीतील उपग्रहयंत्रणा मात्र डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रणालीवर चालते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठीची नवी पत्रके या जागतिक प्रणालीवर निघू लागली. तथापि जुन्या पत्रकांवरून उतरविलेले नकाशे अजून सर्वत्र फिरत आहेत. आमच्या फाइलीत आकडे एव्हरेस्टचे व परिचयपत्रकावर नाव डब्ल्यूजीएस ८४ चे, अशी गफलत होती. एक एकराचे चौकोनी शेत धरले तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर भरते. म्हणजे या एका शब्दाच्या चुकीने शेत आपली हद्द ओलांडून पुरते पलीकडे जाते. कडेच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते पलीकडे म्हणजे वन असते.

येथे दोन्ही क्रिया कराव्या लागल्या, हेही ध्यानात घ्यावे. प्रथम नाव दुरुस्त करून एव्हरेस्ट-कल्याणपूर असे लिहिले, आणि मग आकड्यांचे जागतिक प्रणालीत रूपांतर केले. तेव्हा पाळीवर पाळ बसली व वृद्धाची बांधी झाडांतून बाहेर आली. पूर्ण अचूकपणे नव्हे. दोन-चार मीटरांचा फरक राहिलाच. जुन्या कागदाचे आकुंचन, रेषेची जाडी यांमुळे तेवढा राहतो. त्यावरून हद्दीचे भांडण कोणी काढू नये. संगणकावरील असा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. हद्दीचा वाद असेल तर उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करणे हाच मार्ग आहे. वनहक्काच्या दाव्यांबाबतही २०१२ साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की, उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक म्हणून घ्यावयाचे. इतर पुराव्याच्या जागी नव्हे. कोणी पडदा दाखवून ‘नकाशात असेच आहे’ म्हणू लागला, तर त्या नकाशाचे परिचयपत्रक आधी पाहू द्या, असे म्हणण्याचा शेतकऱ्यास हक्क आहे, असे आमचे मत आहे.

जागा जुळली तरी नावे व क्रमांक जुळतातच असे नाही. त्या दिवशी संध्याकाळी खातेदारांची यादी नकाशाशी जोडली, तेव्हा निम्म्या गटांपुढे नावेच येईनात. येथील कारणे अगदी घरगुती होती. आपल्या तालुक्याचेच नाव घ्या. कोणी ब्रह्मपुरी लिहितो, कोणी ब्रम्हपुरी. वाचणाऱ्यास काही वाटत नाही; संगणकास मात्र ती दोन निराळी गावे वाटतात. तसेच देवनागरी अंकांतील १२ व इंग्रजी अंकांतील बारा हे त्याच्या लेखी एक नव्हेत. म्हणून जोडणी नावावरून न करता केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाच्या संकेतांकावरून करावी आणि अंक सर्वत्र एकाच लिपीत ठेवावेत.

पोटहिश्श्यांची गंमत आणखी निराळी. कोष्टकाच्या कार्यक्रमात इंग्रजी अंकांत गट ५/२ असे लिहिले, की तो त्यास ५ फेब्रुवारी समजतो. २०२५ साली लिहिले असेल, तर नकाशाच्या साठ्यात जाताना त्याचे ४५६९३ होते. कारण तो तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांनी मोजतो. गट १४५/२ ही तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो तसाच राहतो. परिणामी अर्धी यादी शाबूत व अर्धी बिघडलेली, असे चित्र दिसते आणि दोष कोठे आहे ते लवकर कळत नाही. तिरपी रेघ टाळण्यासाठी काही जण मध्ये टिंब देतात. मग १२.१० चे १२.१ होते आणि दहावा हिस्सेदार पहिल्यात विलीन होतो! भावाभावांत नसलेले भांडण लावून देण्यास एवढे पुरे आहे. यावर उपाय एकच. क्रमांकाचा रकाना भरावयास घेण्यापूर्वीच तो मजकुराचा आहे असे ठरवून द्यावे. भरून झाल्यावर ठरविल्यास बिघडलेले परत येत नाही.

अक्षरांचाही एक प्रश्न असतो. शेपफाइलीत रकान्याच्या नावास दहा अक्षरांचीच जागा असते, आणि तीही रोमन अक्षरांची. देवनागरीचे एकेक चिन्ह आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन जागा घेते. म्हणजे मराठीत जेमतेम तीन चिन्हे मावतात. ‘गट क्रमांक’ व ‘गट क्षेत्र’ हे दोन्ही रकाने तुटून एकसारखेच होतात. यासाठी शेपफाइलीत रकान्यांची नावे रोमन लिपीत आखूड ठेवून आतील मजकूर खुशाल मराठीत लिहावा. आणि कोणत्या नावाचा अर्थ काय, हे परिचयपत्रकात मराठीत नोंदवून ठेवावे. मजकुराऐवजी चौकटी किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तर सीपीजी फाइल आली आहे का ते पाहावे. फार जुन्या याद्या जुन्या टंकांत, युनिकोडपूर्व पद्धतीने केलेल्या असतात. त्यांना मात्र स्वतंत्रपणे रूपांतरित करावे लागते.

सर्व झाल्यावर क्षेत्राचा ताळा घ्यावा. नकाशावरून निघालेले क्षेत्र सातबाऱ्यावरील हेक्टर-आरशी साधारण जुळले पाहिजे. क्षेत्राच्या रकान्यात शून्यापुढे सहा-सात शून्ये दिसली, तर नकाशा अंशांत मोजलेला आहे असे समजावे. आपल्या अक्षांशावर एक हेक्टर म्हणजे चौरस अंशाचा दहा लाखांवा भागही भरत नाही. हे क्षेत्र चुकलेले नाही. एकक निराळे आहे. मीटरांच्या प्रणालीत नेऊन पुन्हा मोजावे.

या कामास क्यूजीआयएस नावाचा विनामूल्य कार्यक्रम पुरेसा आहे. त्यात स्तराच्या गुणधर्मांत माहितीचे पान असते, तेच परिचयपत्रक. कोणताही नकाशा हाती आला की रेषा पाहण्याआधी हे पान वाचण्याची सवय कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी. दुरुस्ती करण्यापूर्वी मूळ फाइलीची नक्कल निराळी ठेवावी, आणि काय बदलले ते तारखेसह वहीत लिहावे. आम्ही स्वतः ही शेवटची गोष्ट पहिल्या वेळी केली नव्हती. त्यामुळे तीच दुरुस्ती दोनदा करावी लागली.

दुरुस्ती आपल्या आवाक्याबाहेरची असेल तर वरिष्ठांस कळविताना ‘नकाशा उघडत नाही’ एवढेच कळवू नये. जनावर आजारी आहे इतकेच सांगितल्यास पशुवैद्य औषध कोणते देणार? पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरवून वा छायाचित्र काढून पाठवावा. फाइलीचे नाव, प्रकार, आकार व ती कोणत्या तारखेस कोणाकडून आली ते लिहावे. ती एकाच संगणकावर उघडत नाही की सर्वांवर, आणि त्याच संगणकावर दुसरी एखादी फाइल उघडते की नाही, हेही कळवावे. एवढ्यावरून दोष फाइलीचा, यंत्राचा की परवानगीचा, हे बहुधा कार्यालयात बसूनच ठरविता येते.

त्या गावचे शिबिर चार दिवसांनी पुन्हा भरविले. तलावाच्या पाळीवर जाऊन भ्रमणध्वनीवरील आकडे व नकाशातील आकडे सर्वांसमक्ष पडताळून दाखविले, मगच गट पाहण्यास आरंभ केला. वृद्ध शेतकरी पहिल्याच रांगेत होते. त्यांच्या सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर-आर होते, नकाशावरून ०.७९ निघाले. फरक धुऱ्याचा असावा, असे त्यांनीच सांगितले. मग नातवाच्या भ्रमणध्वनीवर आपला गट कोठे दिसतो ते त्यांनी दोनदा पाहून घेतले आणि पऱ्हे उपटावयाचे आहेत म्हणून लगबगीने निघून गेले.